हस्तलिखित पाठवू नका, स्वतः जा

प्रिय ताई,

मी पन्नाशी ओलांडलेली, डोंबिवलीत राहणारी शिक्षिका आहे. बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणले जाई त्या खात्यात, होते आणि भिंतीपलीकडच्या खोलीतले काका त्यांचे जिवलग मित्र, त्याच खात्यातले. १९८२च्या संपात वडील भांडुपला रात्रपाळीचे वॉचमन झाले, असे आम्हा भावंडांना सांगितले होते. तीन वर्षांपूर्वी वडील वारले आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीत नोव्हेंबर १९८२पासूनच्या गिरणीच्या पगारपावत्या सापडल्या. संप चालू असताना ते कामावर जात होते. काका शेवटपर्यंत बाहेर राहिले, त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही आणि १९८४मध्ये ते बिऱ्हाड आवरून संगमेश्वरकडच्या आपल्या गावी गेले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिची गाठ पुन्हा पडली नाही. या साऱ्यावर मी नावे बदलून कादंबरी लिहिली आहे. शेवटी दोघे मित्र म्हातारपणी एस.टी. स्टँडवर भेटतात आणि एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. प्रकाशक तयार आहेत. आई म्हणते, "मी गेल्यावर छाप." भाऊ म्हणतो, "आता कुणाला आठवतंय?" काका ऐंशीचे आहेत. आधी त्यांना हस्तलिखित पाठवू का?

– एक वाचक

प्रिय वाचक,

तुमचे मूळ पत्र नऊ पानांचे होते. जागेअभावी वर त्याचा गोषवारा दिला आहे. सोबत जोडलेले कादंबरीचे शेवटचे प्रकरणही मी दोनदा वाचले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: पाठवू नका. घरातले गुपित चव्हाट्यावर येईल, ही माझी हरकत नाही. माझी हरकत त्या एस.टी. स्टँडवरच्या प्रसंगाला आहे. तिथे तुम्ही काकांच्या वतीने तुमच्या वडिलांना माफ करून टाकले आहे, आणि ही माफी देणे तुमच्या हातात नव्हते. ऐंशी वर्षांच्या माणसाने टपालाने आलेले बाड उघडावे आणि आपण कधी न मारलेली मिठी आपल्याच नावावर लिहिलेली वाचावी, यापेक्षा त्याला काही न कळलेले बरे.

वडिलांविषयी तुमच्या मनात जी शरम आहे, तिच्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण कादंबरीचा सगळा तोल तिच्यामुळे ढळला आहे. तो संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साठच्या आसपास गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगाराच्या तर होत्याच, पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त संघटनेला मालकांशी बोलणी करण्याचा जो एकट्याचा हक्क दिला होता, तो मोडून काढण्याचीही होती. ज्यांची गावाकडे थोडीफार शेती होती ते कोकणात किंवा घाटावर गेले. कुणी भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. उरलेल्यांच्या घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. तुमच्या पेटीतली पहिली पावती नोव्हेंबरची आहे, म्हणजे दहा महिने एक पैसा पगार न मिळाल्यानंतरची. दहा महिने बाहेर राहून मग आत गेलेल्या माणसाला काय म्हणायचे, हे ठरवणे तुम्ही समजता तितके सोपे नाही. त्याला संपफोड्या म्हणणारे लोक चाळीत होते आणि त्यांचेही चूक नव्हते, कारण आत जाणाऱ्या प्रत्येक माणसागणिक बाहेर उभ्या असलेल्याचे बळ कमी होत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुमच्या कादंबरीत मात्र वडील आधी पापी आहेत आणि शेवटच्या प्रकरणात पावन होतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही जवळजवळ ओलांडून गेला आहात. हा संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. पण "आज संप संपला, चला, आता एकमेकांच्या घरी चहा पिऊ या" असे म्हणता येईल असा दिवस कॅलेंडरवर उगवला नाही. भांडण झाले असते तर समेट घडवायला चाळीतली वडीलधारी माणसे होती. तुमच्या वडिलांचे आणि काकांचे भांडण झालेच नाही, आणि वॉचमनच्या नोकरीची ती गोष्ट दोन वर्षे दोघांच्या मधोमध उभी राहिली. माझे स्वतःचे मत विचाराल तर काकांना ते ठाऊक होते. ज्या चाळीत कुणाच्या घरी फोडणीत लसूण जास्त पडला हे चार खोल्यांपलीकडे कळते, तिथे साचेखात्यातून परतलेल्या माणसाच्या केसांतला कापसाचा तंतू भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, त्याच खात्यात आयुष्य घातलेल्या मित्राला दिसला नसेल, हे मला पटत नाही. अर्थात हा माझा तर्क झाला. खरे काय ते सांगणारी दोनच माणसे आज हयात आहेत आणि त्यांतली एक तुमच्या घरात आहे.

आईचे "मी गेल्यावर छाप" हे वाक्य तुम्ही नकार म्हणून नोंदवले आहे. मला ते तसे वाटत नाही. ती परवानगीच आहे, फक्त पुढच्या तारखेची. नीट विचार करा. वडील कुठे जात होते हे तुम्हा मुलांना ठाऊक नव्हते, पण डबा कोण भरत होते? वॉचमनची गोष्ट शेजारणीला तोंडावर कोण सांगत होते, तेही नळावर, रोज, काकू शेजारी उभ्या असताना? वडिलांनी गुपित ठेवले ते कामावर जाऊन. आईने ते बोलून ठेवले, आणि त्यात तिचीही मैत्रीण गेली. तुमच्या प्रकरणात आई दोनदा येते, दोन्ही वेळा चहा घेऊन. तिच्याकडे छापण्याची परवानगी मागू नका. संध्याकाळी तिच्याजवळ बसून त्या दिवसांत डब्यात काय असायचे, एवढेच विचारा आणि मग ती बोलेल तितके ऐका. वही घेऊन बसू नका.

भावाला एक गोष्ट जरूर सांगा. "कुणाला आठवतंय" म्हणणाऱ्या याच भावाने वडिलांच्या नावे गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज भरला आहे, असे तुम्ही सातव्या पानावर लिहिता. त्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या कामावर असलेला कामगार धरला जातो. संप त्यानंतर सतरा दिवसांनी सुरू झाला. म्हणजे आत गेलेला आणि बाहेर राहिलेला, दोघेही एकाच यादीत बसतात. काकांच्या घरून अर्ज गेला आहे का, याची चौकशी पुढेमागे अवश्य करा. मात्र पहिल्या भेटीत हा विषय काढू नका, कारण त्याला भरपाईचा वास येईल.

नावे बदलल्याने काम भागते, हा नव्या लेखकांचा लाडका समज आहे. लालबागची चाळ, साचेखाते, संगमेश्वर आणि भांडुपची खोटी नोकरी एवढे एकत्र आले की तुमच्या चाळीतून पांगलेले कुणीही दहाव्या पानावर माणसे ओळखील. आपल्याकडे मृत व्यक्तीविषयीच्या मजकुरावरही, तो कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिला असल्यास, बदनामीचा गुन्हा होऊ शकतो. तुमचा हेतू तसा नाही आणि इथे मृत व्यक्ती तुमचेच वडील आहेत, म्हणून मी घाबरवत नाही. पण काका हयात आहेत, तेव्हा हस्तलिखित छापखान्यात जाण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घाला. हे काम प्रकाशकाने करायचे असते, आणि ते त्यांना सांगावे लागते.

आता ज्यासाठी मी हे पत्र निवडले त्या गोष्टीकडे येते. नऊ पानांत काकांच्या मुलीला एक वाक्य मिळाले आहे: "तिची गाठ पुन्हा पडली नाही." दोन मुली एका बाकावर बसत होत्या. १९८४मध्ये त्यांतल्या एकीचे नाव हजेरीपटावरून गेले आणि दुसरी त्याच शाळेत शिकत राहिली. तुमच्या वडिलांची मैत्री तुम्ही चारशे पानांत जोडून दिलीत, जी जोडणे तुमच्या हातात नव्हते. आणि जी तुमची स्वतःची होती, आजही ज्या मैत्रीचा पत्ता शोधून काढता येईल, तिच्यासाठी तुम्ही परस्पर पूर्णविराम दिला आहे. मला शंका येते की ही कादंबरी मुळात तिलाच लिहिलेले पत्र आहे आणि ते चुकीच्या नावावर टाकले गेले आहे.

म्हणून आधी तिला शोधा. गावात चौकशी केली तर ती कुठे नांदते हे अर्ध्या दिवसात कळेल. फोनवर कादंबरीचा विषय नको, पगारपावत्यांचाही नको. मी अमुक, लालबागची, एवढे सांगा आणि पुढे तिला बोलू द्या. ती रागावली तर ऐकून घ्या, कारण वडिलांची गिरणी गेली तेव्हा तिची शाळाही गेली. काकांना भेटायचे की नाही, त्यांची प्रकृती हे ऐकण्याजोगी आहे की नाही, हे तुमच्यापेक्षा तिला अधिक कळेल, आणि तो निर्णय तिच्यावर सोडा. भेट ठरलीच तर आईला विचारा; यायचे म्हणाली तर तिला न्या, नको म्हणाली तर आग्रह करू नका. काकांपुढे बसल्यावर एक वाक्य पुरे आहे: वडील त्या वेळी भांडुपला नव्हते, हे मला आता कळले आहे. पुढचे त्यांनी बोलावे किंवा बोलू नये.

त्यांनी तुम्हाला दारातून परत पाठवले, तरी कादंबरी रद्द करण्याचे कारण नाही. वडील तुमचे होते आणि त्यांच्याविषयी लिहिण्याचा हक्क तुमचा आहे. एस.टी. स्टँडवरचा प्रसंग तेवढा काढून टाका, आणि त्या जागी काय येते हे परतीच्या गाडीत बसल्यावरच ठरवा. प्रकाशकांना सहा महिने थांबायला सांगा. गणपतीत मात्र जाऊ नका. त्या दिवसांत कोकणातले घर चाकरमान्यांनी भरलेले असते आणि दोन माणसांना ओटीवर निवांत बसायलाही जागा मिळत नाही. दिवाळीनंतर, भातकापणी उरकली की जा.

तुमची,
ताई