आधी नेक, मग सॅडल

प्रश्न : माझी अकूस्टिक गिटार आठ वर्षांची आहे. तारा इतक्या उंच झाल्यात की बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या तो) धरताना बोट दुखून येतं. एक मित्र म्हणतो सॅडल खालून घास, दुसरा म्हणतो ट्रस रॉड आवळ. कोणाचं ऐकू?

उत्तर : आज तरी दोघांचंही नको. सॅडल म्हणजे खोक्यावर तारा टेकतात ती बारीक पट्टी, आणि ट्रस रॉड म्हणजे नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, आत बसवलेली सळई. तारा उंच होण्याची कारणं तीन-चार असतात आणि बोटाला ती सगळी सारखीच लागतात. त्यामुळे कानस उचलण्याआधी मोजमाप.

सुरुवात नेकपासून. गिटार नेहमीच्या सुरात लावा. सैल तारांवर घेतलेलं माप काही कामाचं नाही. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि नेक जिथे खोक्याला मिळतो त्या, बहुधा चौदाव्या, फ्रेटवर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार दाबून धरा. आता ती तारच तुमची पट्टी झाली. सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट दिसते? ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर नेक ठीक आहे. पत्त्याचं साधं पान सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असतं. ते तार न हलवता सहज सरकलं, तर नेक तारांच्या ओढीने पुढे वाकलाय.

ट्रस रॉडचं काम एवढंच, हा वाक आवरणं. स्टीलच्या सहा तारा मिळून नेकला सुमारे ७० किलोच्या ओढीने खेचत असतात आणि ही सळई आतून ती ओढ तोलते. गिब्सनच्या कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यू यांच्या अशा सळईला १९२३ साली पेटंट मिळालं, तेही नेक सरळ राहावा म्हणून. तारांची उंची ठरवायला ती वापरू नका. वाक असेलच, तर पाव फेरा आवळा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. चावी जड लागली तर तिथेच थांबा. तुटलेला ट्रस रॉड काढायचा म्हणजे बहुतेक वेळा फिंगरबोर्डच, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची फळीच, उचलावा लागतो.

नेक सरळ आहे आणि तारा तरीही उंच? मग ब्रिजकडे, म्हणजे खोक्यावर चिकटवलेल्या, सॅडल बसवलेल्या लाकडी ठोकळ्याकडे या. आठ वर्षांच्या गिटारमध्ये माझा पहिला संशय तिथेच असतो. कागदाची पातळ पट्टी ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. कागद आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय. तारा सैल करा आणि गिटार दुरुस्तीला द्या. वरून फेव्हिकॉल किंवा झटपट चिकटणारा गोंद सोडू नका. मला मग तो जुना गोंद पूर्ण खरवडून काढावा लागतो आणि त्यात टॉपचे, म्हणजे खोक्याच्या वरच्या फळीचे, तंतूही निघून येतात.

हे सगळं नीट असेल तरच सॅडल. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.५ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर उंची बहुतेकांना मानवते. बारावा फ्रेट तारेच्या मधोमध येतो, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायला सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. बूड अगदी सपाट ठेवा.

मी शिकत होतो तेव्हा एका वादकाच्या गिटारचं सॅडल नेक न मोजताच दीड मिलिमीटर घासलं होतं. हाताला गिटार मऊ लागली, मी खूश. महिन्याभरात तो परत आला : वरच्या, म्हणजे खोक्याजवळच्या, फ्रेटवर तारा झणझणत होत्या. नेक वाकलेलाच होता. गुरूंनी तो सरळ केला, तशा सहाही तारा फ्रेटवर लोळल्या. हाडाचं नवीन सॅडल घडवायला माझी अख्खी दुपार गेली आणि त्याला कार्यक्रमासाठी दुसऱ्याची गिटार मागावी लागली. ते मला अजून लागतं.

आणि दुखणं फक्त पहिल्या-दुसऱ्या फ्रेटच्या बार कॉर्डलाच असेल, तर नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यातून जातात त्या पट्टीच्या, खाचा बघा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर दोष तिथला आहे.

प्रश्न : ट्यूनरवर सगळ्या तारा बरोबर येतात, पण वरच्या फ्रेटवर वाजवलं की गिटार बेसूर. का?

उत्तर : आधी नवीन तारा चढवा, गंजलेली, घामाने जड झालेली तार कुठेच नीट बोलत नाही. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, बोटाने नुसती शिवून छेडल्यावर येणारा सूर) काढा आणि त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर तारेची लांबी कमी पडतेय : सॅडलवर तार जिथे टेकते ती धार थोडी मागे न्यायची. इलेक्ट्रिकवर हे स्क्रूने होतं, अकूस्टिकवर हाडातच धार कोरावी लागते.

प्रश्न : नायलॉनच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू का? आवाज मोठा हवाय.

उत्तर : नका लावू. तिचा टॉप सुमारे ४० किलोच्या ओढीसाठी पातळ ठेवलेला असतो आणि बऱ्याच क्लासिकल गिटारांना ट्रस रॉडच नसतो.

प्रश्न : कोरड्या हवेत फ्रेटची टोकं हाताला बोचू लागली आहेत. घासून टाकू का?

उत्तर : थोडं थांबा. फ्रेट वाढलेले नाहीत, फिंगरबोर्डचं लाकूड सुकून आक्रसलंय. गिटार केसमध्ये ठेवा, आत ओलावा देणारी डबी आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये दोन-तीन आठवडे टिकू द्या. टोकं बहुधा आपोआप आत जातील. तरीही एखादं बोचलं, तर शेजारच्या लाकडाला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने तेवढंच टोक गोल करा.