तिसरी चढाई

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

‘कबड्डीतल्या तिसऱ्या चढाईच्या नियमाने माझा खेळच संपवला,’ असं तू लिहिलं आहेस. आधी एवढं सांग, तो नियम तू स्वतः वाचलास का? कुणी सांगितला, टीव्हीवर पाहिला, याला वाचणं म्हणत नाहीत.

नियम वाचण्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. 1905 साली अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मुलं मैदानावर जीव गमावत होती. चेंडू पोटाशी धरायचा आणि घोळक्याने धडका देत पुढे सरकायचं, असा तो खेळ. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. 1906 ला नियम बदलले. चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली. अट जाचक होती. फेक कुणालाही न लागता जमिनीवर पडली, की चेंडू समोरच्यांचा. बड्या कॉलेजांपैकी बऱ्याच जणांनी त्या अटीकडे बघून फेकीचा नाद सोडला.

सेंट लुईस विद्यापीठाचा प्रशिक्षक एडी कोकेम्स याने सोडला नाही. त्याने पोरांना विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूलाला नेलं आणि फेक घोटून घेतली. तेव्हाचा चेंडू फुगीर, एका हातात न मावणारा. तो धरायचा कसा, इथपासून तयारी. 5 सप्टेंबरला कॅरल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिली फेक टाकली, ती पडली, चेंडू गेला. तरी त्याच सामन्यात त्याने जॅक श्नायडरला 20 यार्डांवर चेंडू पोचवला आणि टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार जाऊन गुण मिळाले. सामना 22-0. त्या मोसमात 11 पैकी 11 विजय, 407 गुण केले, फक्त 11 दिले. नियम सगळ्यांना एकच मिळाला होता, मुली! वाचला कुणी, तेवढं बघ.

कबड्डी मातीवरून मॅटवर गेली तेव्हा ‘खेळ बाटला’ म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नव्हतो. पोरांना बूट घालायला लावले, नियमावली मोठ्याने वाचून घेतली. त्यापायी संघ माझ्याकडून काढून घेतला गेला. त्याचं दुःख आजही आहे, पण मी तेच पुन्हा करेन. हट्टी म्हणतात मला. म्हणू देत.

आता तुझा नियम. रिकाम्या चढाया, म्हणजे गुण न घेता परतलेल्या, संघाच्या मोजतात, एकटीच्या नाही. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण हवा, नाहीतर चढाई करणारी बाद. पण तिसरीला कोण जाणार? ते तू ठरवायचंस, कर्णधार तू आहेस! तुझा संथ, दमवणारा खेळ पहिल्या दोन चढायांसाठीच आहे. तिसरीला बोनस रेषा ओलांडून गुण काढणारी पाठव. हे तुला दिसलं नाही, कारण तू वाचलं नाहीस. तुझ्यासारखी हुशार मुलगी ऐकीव गोष्टीवर खेळ सोडायला निघते, याचा मला राग येतो.

रविवारी सकाळी ये. नियमावली छापून आण आणि तिसरीला जाऊ शकतील अशा दोघींना सोबत घेऊन ये.