सहावी जागा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. दोनदा वाचलं. 'काका, मला कळतच नाहीये' हे त्यात पाच वेळा आलंय. मोजण्याची खोड मला मॉरिसनेच लावली, पायांना घंटा बांधून नाचायच्या या इंग्लिश लोकनाचाने.

तीन मंगळवार तू हॉलवर आली नाहीस. पहिल्या मंगळवारी वाटलं, सर्दी झाली असेल. दुसऱ्या मंगळवारी कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या मंगळवारी नाचायला पाचच जण. मी होतो, पण मेलोडियन, म्हणजे ती भात्याची छोटी पेटी, घेऊन खुर्चीवर. गुडघे गेल्यापासून मला नाचणाऱ्यांत कोणी धरत नाही. पावणेआठ झाले तरी फोरमनचं, म्हणजे आपल्याला नाच शिकवणाऱ्याचं, लक्ष दाराकडेच. शेवटी म्हणाला, चला, उभे राहा. तुझी जागा मोकळी ठेवून ते दोन रांगांत उभे राहिले. सुरुवातीचं सगळं नीट झालं. मग वेणी आली. इंग्रजीत तिला 'हे' (hey) म्हणतात, आणि त्यावर तू पहिल्या दिवशी केलेला विनोद मला अजून आठवतो. तिघातिघांनी आठचा आकडा गुंफत जायचं. तुझ्या रांगेतले दोघं निघाले, एकाने खांदा वळवून हवेला वाट करून दिली, आणि पुढे कोणाच्या मागून जायचं ते न कळून जागीच उभा राहिला. पाय थांबल्यावर क्षणभराने घंटा थांबल्या. मी मात्र आणखी दोन ओळी वाजवत राहिलो. थांबायचं कसं ते सुचेना.

ही कला का जगवायची हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुला ठाऊक नसतं तर सप्टेंबरातल्या त्या पावसात तू आलीच नसतीस. मला एवढंच सांगायचंय, सहावी हो. तू शाळेत लेझीम खेळलीस. लेझमीत चाळिसांतला एक आला नाही तर रांग थोडी आवळून घेतात, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. इथे आपण नाचतो त्या कॉट्सवोल्ड टेकड्यांकडच्या मॉरिसला सहा लागतात. पाचांत तो थोडा कमी होतो असं नाही, तो होतच नाही.

आता तुझे प्रश्न. 'हे आपलं नाही, मी यात कोण?' पबबाहेर नाच संपल्यावर कोणीतरी तुला विचारलं, तू मूळची कुठली. मलाही विचारतात, चाळीस वर्षं झाली. मी मिरज सांगतो आणि बिअर संपवतो. पण तुला आत कुठेतरी वाटतंय की हे काहीतरी शुद्ध, जुनं, दुसऱ्याच्या देवघरातलं आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. १८९९ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनला सेसिल शार्पने, ज्याने पुढे इंग्लंडातली लोकगीतं आणि लोकनाच गोळा केले त्याने, पहिल्यांदा मॉरिस पाहिला. खरं तर हा नाच व्हिट्सनचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचा. पण थंडीने बांधकामं बंद होती, हाताला काम नव्हतं, म्हणून ती माणसं चार पैसे मिळवायला भर हिवाळ्यात बाहेर पडली होती. कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर गवंडीकाम करायचा. आणि तो नाचणाऱ्यांचा संच तरी अखंड होता का? छे. मध्ये काही वर्षं बंद पडलेला; पर्सी मॅनिंग नावाच्या एका हौशी संशोधकाने मागे लागून त्याच वर्षी पुन्हा उभा केलेला. म्हणजे ज्या नाचापासून हे सगळं पुनरुज्जीवन सुरू झालं असं सांगतात, तो अवेळी, पोटासाठी आणि खंड पडल्यावर नाचलेला नाच. त्यात तुझं-माझं शोधत बसू नकोस.

हो, सगळंच काही सांभाळण्यासारखं नव्हतं. बॉर्डर मॉरिसचे, म्हणजे वेल्सच्या सीमेकडच्या मॉरिसचे, कितीतरी संच तोंडाला काळं फासून नाचायचे. मी त्यांच्या शेजारी उभा राहून गप्पा मारल्या आहेत आणि त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. २०२० साली मॉरिसच्या तिन्ही संघटनांनी मिळून ते बंद करायला सांगितलं. आता कोणी निळं लावतं, कोणी हिरवं, नाच चालूच आहे. रंग बदलून नाच मेला नाही.

फोरमन तुला नाचात उडवायच्या रुमालावरून बोलला ते मी ऐकलं. बोलण्याची पद्धत वाईट होती. म्हणणं मात्र बरोबर होतं. तू रुमाल मनगटातून झटकतेस, तो खांद्यातून वर जायला हवा. हे भांडण तुमच्या दोघांचं नाही, शंभर वर्षांहून जुनं आहे. लंडनमध्ये मेरी नील ही बाई शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींचा क्लब चालवायची. १९०५ साली तिने किंबरलाच बोलावून त्या मुलींना मॉरिस शिकवला, आणि पुढे त्याच मुली देशभर शिकवायला गेल्या. शार्पला वाटे, पाऊल अचूक पडलं पाहिजे. नीलबाईंना वाटे, आधी आनंद हवा. दोघांचं इतकं फाटलं की पुन्हा जुळलंच नाही. पुढे संस्था शार्पची मोठी झाली, लंडनमधलं घर त्याच्या नावाने उभं राहिलं, आणि नीलबाईंचं नाव कितीतरी वर्षं कोणी घेईना. तरी नाच हा पुरुषांचाच, असं तुला कोणी ऐकवलं तर त्या शिवणाऱ्या मुलींची आठवण करून दे. मला विचारशील तर मी दोघांच्या मधला. तू चुकीचा रुमाल उडव, पण तुझ्या जागेवर उभी राहून उडव. चूक सुधारता येते. नसलेल्या माणसाचा रुमाल कोण सुधारणार?

आता ज्या प्रश्नावर तू दीड पान खर्च केलंस तो. 'नाचण्यापेक्षा मी या सगळ्या म्हाताऱ्यांचं नीट चित्रीकरण करते, पावलांच्या नोंदी ठेवते, म्हणजे काहीच हरवणार नाही.' किती शहाणं वाटतं ऐकायला! मलाही वाटलं होतं. अगं, १९१२ सालच्या किनोरा नावाच्या जुन्या यंत्रावरच्या चित्रफिती आहेत, त्यांत संगीतकार जॉर्ज बटरवर्थ मॉरिस नाचताना दिसतो. हलका, उंच, एखाद्या पोरासारखा. शार्पच्या पुरुष संघातले चार जण १९१६ च्या एका उन्हाळ्यात युद्धात मारले गेले, बटरवर्थ त्यांतला एक. चित्रफीत आहे, पण ती घेऊन मंगळवारी हॉलवर गेलीस तर तिच्याबरोबर वेणी गुंफता येईल का? ॲबट्स ब्रॉमली गावात रेनडिअरच्या शिंगांचा नाच आहे. ती शिंगं कार्बन चाचणीत अकराव्या शतकातली निघाली. वर्षभर चर्चमध्ये असतात, सुखरूप. पण सप्टेंबरातल्या त्या एका सोमवारी ती उचलायला माणसं लागतात, आणि किती? सहा. सर्वांत जड जोडी दहा किलोंहून जास्त. हजार वर्षं टिकलेल्या वस्तूलाही सकाळी दारात सहा जण लागतात.

चित्रीकरण जरूर कर, गुरुवारी. मंगळवारी नाच.

मी एवढा का चिडतो ते आता सांगतो. माझ्या इथल्या पहिल्या गावात एक संच होता. शेजाऱ्याने मला ओढत नेलं आणि मी आठ वर्षं नाचलो. त्यांचा एक काठ्यांचा नाच होता, त्यात शेवटचं वळण इतर सगळे घेतात त्याच्या उलट, डाव्या खांद्यावरून घ्यायचे. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मग माझं आणि तिथल्या फोरमनचं लयीवरून वाजलं. तो संथ घ्यायचा, मला वाटे रेंगाळतोय. मी म्हटलं, दोन हिवाळे जात नाही. मला बढती मिळाली होती, मुलगी लहान होती, रात्रपाळ्या होत्या. कारणं खरी होती, आजही खरीच वाटतात. मी गेलो तेव्हा सात जण होते. एकाचा गुडघा गेला. राहिले किती ते तुला मोजता येईल, पण मी तेव्हा मोजलं नाही. सहा आहेत ना, मग माझं काय अडलंय. पुढच्या वसंतात आणखी एकाची बदली झाली.

पहिल्या मेला मॉरिसवाले पहाटे नाचतात, ते तुला माहीत आहे. त्या वर्षी मी अंथरुणात होतो. आमच्या घरापासून टेकडी तीन गल्ल्या दूर. खिडकी उघडी होती. मला घंटा ऐकू आल्या, काठ्यांचा खणखणाट ऐकू आला, आणि त्या खणखणाटात एक ठोका रिकामा जात होता. तीन जोड्यांपैकी एकाच्या काठीला समोरची काठीच नव्हती. मी पडून राहिलो. बायकोला सांगितलं, रात्रपाळी करून आलोय. त्या दिवशी माझी रजा होती.

दुसऱ्या वर्षी टेकडीवर कोणी गेलं नाही. ते डाव्या खांद्याचं वळण आता फक्त माझ्या अंगात आहे, आणि माझे गुडघे हे असे. त्या नाचाची एक कॅसेट माझ्या कपाटात पडून आहे. मिरजेला आमच्या घराजवळ सतारमेकर गल्ली होती. दुरुस्तीला दिलेली आणि कोणी परत न नेलेली सतार भिंतीवर जशी टांगलेली असायची, तशी. फोरमन खरंच संथच घ्यायचा, हे मी अजूनही म्हणतो. त्यावरून माघार नाही. पण संथ नाचलो असतो तर माझं काय जाणार होतं?

२००९ साली मॉरिस रिंग या संघटनेने जाहीर इशारा दिला होता, तरुण आले नाहीत तर २० वर्षांत हा नाच संपेल. पेपरांनी उचलून धरलं, लोक हळहळले. तो हिशेब २०२९ला पुरा होतो. मला त्याची भीती नाही. मला भीती येत्या मंगळवारची आहे. यात माझा स्वार्थ आहे, हेही कबूल करतो: मला अजून काही वर्षं वाजवायचंय, आणि पाचांसाठी वाजवत बसायचा जीव होत नाही. शिवाय ते डावं वळण मला कोणाला तरी द्यायचंय, आणि तुझा डावा खांदा चांगला वळतो, लेझमीमुळे असेल.

साडेसातला हॉल उघडतो. तुझ्या घंटांचे पट्टे मी घरी आणलेत. एकाचा टाका उसवला होता, तो घातलाय. हीटरला नाणी लागतात, एकेक पौंडाची चार सुटी घेऊन ये. फोरमनकडे गेल्या वेळी सुटे नव्हते आणि सगळ्यांनी कोट घालून नाच केला.

तुझा
काका