डॅफ्नियाला खायला कमी मिळालं तर केमिकलचा त्रास जास्त होतो का?

हो, बहुतेक वेळा होतो. डॅफ्निया म्हणजे तळ्यातला तो २-३ मिमीचा पारदर्शक जीव, मायक्रोस्कोपखाली धरला की शेवाळाने हिरवं झालेलं आतडं आणि पाठीतली अंडी सरळ दिसतात. उपाशी असला की अंगात चरबी नसते, मग कारखान्याच्या सांडपाण्यातलं तांबं, कॅडमियम झेलायला ताकद उरत नाही आणि आधी अंडीच घटतात. पण भरपूर शेवाळ म्हणजे सेफ असंही नाही हां, शेवाळ पाण्यातला धातू स्वतःला चिकटवून घेतं, पाणी जरा सुधारतं खरं पण तोच धातू खाण्यातून पोटात जातो. म्हणून केमिकल किती विषारी ते डॅफ्नियावर बघायची जी ४८ तासांची टेस्ट उपाशीच ठेवून करतात, नुसत्या तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही, २१ दिवसांची बघा, त्यात खायला घालतात आणि पिल्लं मोजतात.