तुंब्यातलं पाणी
‘हातचं काम’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकू, आम्ही अकरा मित्रमैत्रिणी जानेवारीत रामटेकजवळ एका ओळखीच्यांच्या शेतावर दोन दिवसांचा भूमिका-खेळ करणार आहोत. प्रेक्षक नाहीत आणि लिहिलेले संवादही नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचे कपडे घालायचे आणि दोन दिवस तेच होऊन राहायचं, खाणंपिणंसुद्धा त्याच पद्धतीने. काळ १७४२ चा, भोसल्यांची फौज बंगालकडे निघालेली. मी बारगीर आहे. प्लास्टिक, स्टील, चेन काही दिसू नये असा आमचा नियम आहे, म्हणून पाण्याला तुंबा, म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याची बाटली हवी. बाजारातून लौकी (दुधी भोपळा) आणून गच्चीवर वाळत घातली, तर दहा दिवसांत ती बसली आणि तिला पाणी सुटलं. मग शोभेचा रंगवलेला तुंबा मागवला. त्यातल्या पाण्याला वार्निशचा वास येतो. आतून इपॉक्सी लावू का? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : बेटा, इपॉक्सी आधी बाजूला ठेव. दुकानात मिळणारं साधं इपॉक्सी पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात येण्यासाठी केलेलं नसतं. तुंब्याच्या आत ते नीट वाळलं की नाही, हेही बाहेरून दिसत नाही. तो रंगवलेला तुंबा फुटाणे ठेवायला वापर. त्यातून पिऊ नकोस.

तुझी लौकी सडली यात तुझी चूक एवढीच, की तू भाजीची लौकी आणलीस. भाजीसाठी ती कोवळी तोडतात. नख लावलं की रुतलं पाहिजे, अशीच आपण निवडून घेतो ना? त्या सालीत लाकूडपणा आलेलाच नसतो, म्हणून वाळताना ती आत बसते. तुंब्याचं फळ वेलावरच जून व्हावं लागतं. देठ तपकिरी होऊन वाळला, साल टणक झाली, नख उमटेनासं झालं, की देठाचा वीतभर तुकडा ठेवून कापायचं. मग वारं खेळेल अशा सावलीत दोन ते सहा महिने वाळवायचं, फळाच्या आकारावर आहे ते. वाळताना वरून काळी-पांढरी बुरशी येते. तिला घाबरून फळ फेकू नये. फळ मऊ पडलं तरच फेकायचं. उचलल्यावर पोकळ, हलकं वाटलं आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या, की वाळलं.

जानेवारी तोंडावर आहे, त्यामुळे तुला हिरवं फळ वाळवायला वेळ नाही. वाळलेलाच तुंबा शोध. भिवापूर-उमरेडकडच्या खेड्यांत कुंपणावर वेल असतात. गडचिरोलीकडे कुणी जाणारं असेल तर आठवडी बाजारात विचारायला सांग. भामरागडकडचे माडिया लोक पाणी, पेज न्यायला तुंबा वापरत आले आहेत. न रंगवलेला, न कोरलेला माग. कंबर असलेला घे, म्हणजे वर लहान गोळा, खाली मोठा, मध्ये आवळलेला, कारण दोरी तिथेच बसते. सतारीचा भोपळा असतो तसा गोल नको, तो खांद्यावर फिरत राहतो. साल चार-पाच मिलिमीटर जाड असली की पुरे. बोटाने टिचकी मार. लाकडासारखा खणखणीत आवाज यावा.

आता तुझ्या पात्राबद्दल, कारण मला त्याची काळजी वाटते. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. स्वाराला धक्के बसतात, तुंबा फुटतो. फौजेला पाणी बैलावरच्या पखालीतून मिळायचं, माणसाजवळ कातड्याची मशक असायची. तुंबा खरा शोभतो तो बैराग्याला, गोसाव्याला. संन्याशाने कोणती पात्रं वापरावीत हे मनुस्मृतीत सांगितलंय, त्यात लाकूड, माती, बांबू यांच्या आधी अलाबू, म्हणजे हाच भोपळा येतो. भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांची फौज त्या साली बंगालात कटव्यापर्यंत जाऊन पावसाळाभर राहिली होती. एवढ्या लांबच्या वाटेवर बातम्या आणणारे जासूद लागणारच. तू बैराग्याच्या वेशातला जासूद हो. तुंबा आपोआप खरा होईल आणि खेळात तुला कामही जास्त मिळेल. बारगीरच राहायचं असेल तरी हरकत नाही, आपल्या मुलखात तुंबा घरोघरी होता. फक्त तो घोड्यावर नको, मुक्कामाच्या सामानात ठेव.

आता काम. तुंबा रात्रभर बादलीत बुडवून ठेव. तो वर येतो, म्हणून ओलं पोतं पांघरून वर पाट ठेव. सकाळी चाकूच्या बोथट बाजूने खरवड. तपकिरी पापुद्रा ओल्या कागदासारखा सुटत जातो आणि खालून फिकट, हळदीच्या शेंगेला असतो तसा रंग निघतो. हा भाग मला इतका आवडतो, की मी घाई करत नाही. कोपऱ्यात, कमरेच्या खाचेत काथ्याच्या घासणीने घास. हे सगळं ओलंच कर. कोरडा घासलास तर त्याची धूळ छातीत जाते, खोकला दोन दोन दिवस राहतो. आतला गाभा काढतानाही नाकातोंडाला कापड बांध.

तोंड कापायला हॅकसॉचं पातं घे. अंगठ्याएवढं भोक ठेव, मोठं नको. वाकवलेल्या तारेने गाभा आणि बिया ओढून काढ. बिया जपून ठेव. मग मूठभर बारीक गिट्टी आणि गरम पाणी घालून खळखळव, ओत, परत घाल. मी हे वीस-पंचवीस वेळा करते, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि मला तुझ्याकडून वचन हवंय ते हिचंच. भोपळ्याच्या कुळात कडू द्रव्य असतं. लौकीचा कडू रस पिऊन माणसं रक्ताच्या उलट्या होऊन दवाखान्यात गेली आहेत, त्यांचा रक्तदाब उतरला आहे. उकळून तो कडूपणा जात नाही, तो पाण्याबरोबर काढूनच टाकावा लागतो. म्हणून तुंबा कोमट पाण्याने भर, रात्रभर ठेव, ओतून दे, परत भर. चौथ्या-पाचव्या दिवसापासून एक थेंब जिभेच्या टोकाला लावून बघ आणि थुंकून टाक. गिळायचं नाही. कडू लागेनासं झाल्यावरही आणखी दोन दिवस भरून ठेव. दहा दिवसांनीही कडूच असेल, तर तो तुंबा पाण्याचा नाही. त्यात मीठ किंवा बी ठेव आणि दुसरा शोध. माझ्याकडे असे दोन तुंबे आहेत. दिसायला सगळ्यांत सुंदर तेच आहेत, पण त्यांत मी पाणी भरत नाही.

मग तोंड खाली करून चार-पाच दिवस सावलीत वाळव. आत ओल राहिली तर मेण धरत नाही.

आता मेण. मधमाशीचं मेण, खादी ग्रामोद्योगच्या दुकानात विचार. मेणबत्त्या वितळवून चालत नाहीत, त्या पॅराफिनच्या असतात. पातेल्यात पाणी, त्यात डबा, डब्यात पाव किलो मेण. डबा थेट आचेवर कधीच ठेवू नकोस, मेण पेट घेतं. ६२ ते ६४ अंशांना ते वितळतं. पहिल्या खेपेला मी डिसेंबरातल्या सकाळी थंड तुंब्यात मेण ओतलं. ते मानेपाशीच गोठून बसलं, आत जाईना आणि बाहेरही येईना. चमच्याच्या दांड्याने ते खरवडायला मला दिवसभर लागला आणि शेवटी मान तडकली. म्हणून तुंबा आधी गरम कर. केस वाळवायचा ड्रायर आतून-बाहेरून दहा मिनिटं फिरव, हाताला चांगला ऊन लागेपर्यंत. मग वितळलेलं मेण ओत, तोंडावर जाड कापड दाब आणि सगळ्या बाजूंनी फिरव, जात्यावर पीठ सारखं करतो तसं, सावकाश. उरलेलं परत डब्यात ओत. बहुतेक सगळं निघून येतं, आत पातळ थर राहतो. गार झालं की दुसरा हात दे. तोंडाच्या कापलेल्या काठालाही मेण लाव, तो काठ आधी भिजतो आणि तिथूनच फुगतो. मेणासोबत थोडी राळ घालून थर कडक करतात, पण पहिल्या तुंब्याला तू नुसतं मेण वापर, वास कमी राहतो.

रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेव. कागद कोरडा राहिला की झालं. कुठे ओल दिसली तर तेवढी जागा गरम करून परत मेण फिरव.

बुचासाठी मक्याचं वाळलेलं कणीस उत्तम. दाणे काढलेलं कणीस चाकूने निमुळतं कर, त्यालाही मेण पाज. एका सुतळीने ते तुंब्याच्या कमरेला बांध, नाहीतर अंधारात पहिल्याच रात्री हरवेल. बाहेरून जवसाच्या तेलाचा हलका हात दे, आठ-दहा दिवस वाळू दे. तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापून पेटते. पाण्यात बुडव किंवा बाहेर पसरून वाळव.

जाळी शिंक्यासारखी विण. अंबाडीची दोरी मिळाली तर तीच, नाहीतर सुताची. खाली कडं, वरून चार-सहा पदर, कमरेशी गाठ, आणि खांद्यावर घ्यायला लांब पट्टा. नवी दोरी पांढरी फटक दिसते. चहाच्या पाण्यात बुडवून वाळव. वर मणी, शिंपले, रंगीत गोंडे लावू नकोस. अजब बंगल्यात, आपल्या १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, एक सकाळ घालव. आदिवासी दालनात दोरी कुठून घेतात, गाठ कुठे देतात हे बघ. वापरातल्या वस्तूची गाठ वेगळीच असते.

आणि उन्हाचं. जानेवारीत तुला त्रास नाही, पण तुंबा पुढेही टिकावा अशी माझी इच्छा आहे. मी एकदा मे महिन्यात रामटेकला गडमंदिरात गेले आणि तुंबा बंद गाडीत आडवा ठेवून गेले. दोन तासांनी परत आले तर सगळं मेण एका बाजूला उतरून तिथे बोटभर जाड वडी झाली होती. दुसरी बाजू उघडी पडली आणि पाणी झिरपायला लागलं. म्हणून उन्हात, गाडीत, शेकोटीजवळ नाही. चहा नाही, कढी नाही, ताकही नाही, नुसतं गार पिण्याचं पाणी. रात्री रिकामा करून तोंड खाली ठेव. पाणी भरून आठवडाभर ठेवलेला तुंबा कुबट होतो.

माझ्या आजीकडे, भिवापूरच्या घरी, चुलीवरच्या आढ्याला तुंबे टांगलेले असायचे. त्यांत पुढच्या वर्षाचं बी, राखेत घोळवलेलं. धुराने ते इतके काळे झाले होते, की हात लावला की बोटं चकाकायची. उन्हाळ्यात शेतात जाताना आजोबा त्यांतलाच एक वेगळा, मान लांब असलेला, खांद्याला लावून न्यायचे. त्याला आतून काहीच लावलेलं नसायचं. पाणी थोडं पाझरायचं आणि म्हणून गार राहायचं. तुला मेण लावायला सांगते, कारण तुझा तुंबा नवा आहे. त्यांचा वीस वर्षं रोज वापरून मुरलेला होता.

प्रश्न : घरी जुना तुंबा आहे. बारीक भोकं पडली आहेत आणि खाली पिवळसर भुकटी साचते. टाकून द्यावा का? – एक वाचक, कामठी

उत्तर : टाकू नका. भुंगेरे लागले आहेत. पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर त्यावर दव धरतं. मग झटकून, भोकांत मधमाशीचं मेण आणि तुंब्याचाच भुसा एकत्र करून भरा. दोन महिने कागदावर ठेवा. परत भुकटी दिसली तर परत फ्रीझर. यातून पाणी मात्र पिऊ नका, आता तो आठवणीसाठीच.

प्रश्न : बिया हाती आल्या आहेत. कधी लावू? वेलाला फुलं येतात आणि फळं गळून पडतात असं ऐकलं. – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : पहिला चांगला पाऊस झाला की लावा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, टोक खाली करून. मांडव मजबूत करा, जून फळं जड होतात, आणि फळ लटकतं ठेवलं तरच मान सरळ येते. गळण्याचं कारण बहुतेक वेळा परागीकरण न होणं. फूल पांढरं असतं, संध्याकाळी उमलतं, त्यावर रात्रीचे पतंग येतात. गच्चीवर ते येतीलच असं नाही. म्हणून दिवेलागणीला तुम्हीच वर जा. मादी फुलाच्या मागे इवलासा केसाळ भोपळा असतो, नर फुलाच्या मागे नुसता देठ. नर फूल तोडून, पाकळ्या मागे मुडपून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. एका वेलावर तीन-चार फळंच ठेवा, बाकीची कोवळी असताना भाजीला काढा. पण चाखून. कडू लागली तर तो घास तिथेच थुंका.