मॅडम, टेन्स डोक्यात शिरतच नाहीत

दर्यापूर तालुक्यातल्या शाळांमध्ये समुपदेशनासाठी जायला लागल्यापासून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे, की पालकांनी खुर्ची ओढली की मला ती कळते. पोरगं बाकी हुशार, गणितही बरं, पण इंग्रजीत अडतं. काळ पाठ होत नाहीत. शिकवणी लावायची का? कोण्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं का? कापसाची वेचणी भरात असते, तेव्हाच सहामाहीचे पेपर घरी येतात आणि ही रांग वाढते. त्यातलीच एक मुलगी. तिला वर्षा म्हणू. नाव आणि खुणा बदलल्या आहेत.

"मॅडम, इंग्रजीचा तास असला का हिचं पोट दुखते," आई म्हणाली. "सरकारी दवाखान्यात दाखोलं. डॉक्टर म्हणे, काहीच नाई."

दाखवलं हे बरं केलं. पोटदुखी आधी डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे, हा क्रम मी मोडू देत नाही.

वर्षाने वही पुढे सरकवली. पट्टीने आखलेला इंग्रजी काळांचा बारा चौकटींचा तक्ता, लाल शाईतली शीर्षकं, पान उलटून उलटून मऊ पडलेलं. बोंडाच्या टोकांनी ओरखडलेलं बोट एकेका चौकटीवर ठेवत ती म्हणाली, "बारा हायेत. पाठ करतो न् भुलतो." इतक्या निगुतीने आखणाऱ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा होता!

मी वही मिटली. "काल सुटी होती ना? घरी काय काय केलं?"

"मायनं कापूस वेचला. मी तुरीच्या शेंगा तोडल्या."

"एकीकडे 'वेचला', दुसरीकडे 'तोडल्या'. असं का?"

ती गोंधळली. "असंच म्हणतात ना."

कुणी न शिकवता ती बरोबर बोलली होती. कापूस वेचला, शेंग तोडली, शेंगा तोडल्या, बोंड तोडलं: मराठीत भूतकाळी क्रियापद कर्माचं लिंग आणि वचन पाहून बदलतं. मी तिला 'वेच'ची जमतील तेवढी रूपं लिहायला लावली. वेचतो, वेचते, वेचतात, वेचली, वेचल्या, वेचीन, वेचशील, वेचतील... पान भरत आलं. मग शेजारी त्याच अर्थाचं इंग्रजी क्रियापद मांडलं. पिक, पिक्स, पिकिंग, पिक्ड.

"अन् बाकीचे?"

"संपले. चारच."

"मंग बारा कुठी हायेत?"

हा प्रश्न तिने विचारला आणि माझं अर्धं काम झालं. बारा चौकटींत नियमित क्रियापद चारच वेषांत फिरतं. वेळ सांगायचा पुष्कळसा भार विल, इज, वॉज, हॅज, हॅड यांच्यावर असतो. विल पिक, इज पिकिंग, हॅज पिक्ड. 'डिड' आला की भूतकाळ त्यानेच सांगितलेला असतो, म्हणून पुढे साधं पिक. कापूस असो की शेंगा, बाई असो की बुवा, पिक्ड बदलत नाही. अपवाद एवढाच की ही, शी, इट यांच्यापुढे साध्या वर्तमानकाळात पिक्स होतं.

तरी पोट दुखायचं थांबलं नाही. माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांकडे आहे: प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलची आपली समजूत माणसाला जास्त छळते. म्हणून ती समजूत कोणती, ते मी शोधत राहते. एका भेटीत धडा वाचायला दिला. 'वॉश्ड' आलं आणि ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मागच्या वर्षी वॉशेड म्हटलं होतं. सारे पोट्टे हासले. मले काहीच येत नाई, हे सगळ्याइले समजलं."

पोट दुखत होतं ते इथे. एक शब्द चुकला, म्हणजे काहीच येत नाही!

"बरं, कोण हसलं ते सोड. गळ्यावर हात ठेव आणि नुसतं 'श्श' म्हण."

"हालत नाई."

"आता 'प्ले' म्हण."

"हालते!"

शेवटचा आवाज गळा हलवत नसेल, म्हणजे क, प, स, श, च, फ यांपैकी असेल, तर भूतकाळासाठी शेवटी जोडलेल्या 'ईडी'चा उच्चार ट: वॉश्ट, पिक्ट. गळा हलला तर ड: प्लेड, क्लीन्ड. शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळं 'इड' ऐकू येतं: वॉन्टिड, नीडिड. ती गळा धरून खोलीभर फिरत शब्द म्हणत होती, बाहेरून शिपाईकाका डोकावले तरी थांबली नाही. माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत, म्हणून ते मी जपून ठेवते. आपण ढ नाही, आपल्याला कुणी गळ्यावर हात ठेवायला सांगितलं नव्हतं, हे तिचं तिलाच उमगलं होतं. पुढे वर्गात वाचताना ती चुकली, पोरं हसलीही. ती पुढचं वाक्य वाचत गेली.

पालकांना माझं सांगणं असं. शिकवणीचे पैसे भरण्याआधी मूल कुठे गप्प होतं ते बघा. रोज एकच क्रियापद घ्या, तेही घरातल्या कामाचं: वॉश, कुक, क्लीन, मिल्क. त्याची काल, आज, उद्याची वाक्यं मोठ्याने म्हणू द्या. स्पेलिंग त्यानंतर: 'ईडी' जोडताना स्टडीत वायचा आय होतो, प्लेमध्ये होत नाही, स्टॉपमध्ये पी दोनदा येतो. तक्ता शेवटी, आणि तो मुलानेच भरायचा.

'गो' आणि 'ईट'सारखी, 'ईडी' न घेणारी आडमुठी क्रियापदं सुरुवातीला आणूच नका. वर्षानेच एकदा विचारलं, "मंग गो-चं गो-ड काऊन नाई होत?" आईला वाटलं, पोरगी पुन्हा चुकली. मी आईला सांगितलं, इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांची लहान लेकरंसुद्धा काही काळ असंच म्हणतात, कारण नियम त्यांच्या अंगात नुकताच मुरलेला असतो. गुरुजींनाही चिठ्ठी दिली: या चुकीवर एवढ्यात लाल रेघ मारू नका.