टस्कीगी एअरमेनचे प्रशिक्षण झाले तो विमानतळ कोणी बांधला आणि आज तिथे काय उरले आहे?

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिक, म्हणजेच टस्कीगी एअरमेन, ज्या विमानतळावर घडले तो कोणी बांधला आणि आज तो शिल्लक आहे का, असे आपण विचारले आहे. प्रथम एक खुलासा करतो. असे विमानतळ दोन होते आणि त्या दोहोंची बऱ्याच ठिकाणी सरमिसळ होते. प्राथमिक उड्डाण-प्रशिक्षण मोटन फील्डवर होत असे. त्यापुढचे सर्व टप्पे तिथून काही मैलांवर, वायव्येला असलेल्या टस्कीगी आर्मी एअर फील्ड या लष्करी तळावर पार पडत. दोन्ही ठिकाणे अलाबामा राज्यातली. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यामुळे मराठी वाचकांना टस्कीगी हे नाव नवीन नाही. ते जिथे शिकवत, त्या टस्कीगी इन्स्टिट्यूट या शिक्षणसंस्थेनेच मोटन फील्ड उभारले. कार्व्हर जानेवारी १९४३ मध्ये वारले, तेव्हा तिथे छात्रांची उड्डाणे सुरू होती.

कृष्णवर्णीय माणूस वैमानिक होण्याच्या लायकीचा नाही, असे अमेरिकी लष्कराचे मत होते आणि १९२५ च्या एका लष्करी अहवालात ते लेखी नोंदवलेही गेले होते. नागरी वैमानिक प्रशिक्षणाच्या सरकारी योजनेत टस्कीगी इन्स्टिट्यूटला १९३९ मध्ये प्रवेश मिळाला, पण लष्कराची दारे बंदच राहिली. वृत्तपत्रांचा, संघटनांचा आणि न्यायालयीन दाव्याचा दबाव वाढल्यावर जानेवारी १९४१ मध्ये युद्ध खात्याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्क्वाड्रन (लढाऊ विमानांची तुकडी) उभारण्याची घोषणा केली. इथे 'स्वतंत्र' याचा अर्थ वेगळे काढलेले, एवढाच घ्यायचा. सुमारे ४० मैलांवर माँटगोमेरी येथे मॅक्सवेल फील्ड हा मोठा लष्करी तळ असताना टस्कीगीला नव्याने सारे बांधण्यामागचे खरे कारण, माझ्या मते, हेच वेगळे काढणे होते.

प्राथमिक प्रशिक्षणाचे कंत्राट इन्स्टिट्यूटला मिळाले. त्यासाठी लागणारे विमानतळाचे पैसे ज्युलियस रोझेनवाल्ड फंड या धर्मादाय निधीने १,७५,००० डॉलर कर्जाऊ देऊन उभे केले. या फंडाच्या विश्वस्त असलेल्या एलिनॉर रूझवेल्ट मार्च १९४१ मध्ये टस्कीगीला आल्या होत्या. तिथले मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन यांच्या विमानातून त्यांनी एक फेरफटका मारला आणि त्याचे छायाचित्र देशभर गाजले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने कृष्णवर्णीय वैमानिकाच्या हाती आपला जीव सोपवला, याचा जो परिणाम झाला, तो दहा निवेदनांनी झाला नसता. नव्या मैदानाला संस्थेचे दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन यांचे नाव देण्यात आले. ते १९४० मध्ये वारले होते. पावसामुळे काम रखडले, तेव्हा संस्थेचे मजूर आणि कारागीर हातभार लावायला उतरले. लष्कराने विमाने, पॅराशूट, पुस्तके आणि उड्डाणाचे पोशाख द्यायचे, तर हँगर (विमाने ठेवण्याच्या इमारती), वर्ग, निवास, भोजन आणि प्रशिक्षक संस्थेने पुरवायचे, अशी विभागणी होती. लष्करी उड्डाण-प्रशिक्षणाची जागा स्वतःच्या मालकीची असलेल्या अमेरिकी शिक्षणसंस्था तेव्हा फारच थोड्या होत्या.

मोटन फील्डची धावपट्टी म्हणजे गवताचे मैदान होते. छात्र प्रामुख्याने स्टिअरमन या दुपंखी, कापडाने मढवलेल्या, उघड्या बैठकींच्या विमानावर शिकत. प्रशिक्षकाचा आवाज एका रबरी नळीतून छात्राच्या कानाशी पोहोचत असे, मात्र ती नळी एकतर्फी होती. छात्राला निमूटपणे ऐकावे लागे, उलट बोलण्याची सोयच नव्हती. जुलै १९४१ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १३ जणांपैकी केवळ ५ जणांना ७ मार्च १९४२ रोजी वैमानिकाचे पंख, म्हणजे पात्रतेचे पदक, मिळाले. त्यांतले एक बेंजामिन डेव्हिस हे पुढे अमेरिकी हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले.

लष्करी तळाची कहाणी इतकी सरळ नाही. त्याच्या बांधकामाचे कंत्राट मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीय मालकांच्या कंपनीला मिळाले, परंतु तळाचे प्रमुख अधिकारी गोरेच असत आणि सुरुवातीला गोऱ्यांसाठी व कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या जागांच्या पाट्याही लागल्या होत्या. नोएल पॅरिश प्रमुख झाल्यावर वातावरण बरेच निवळले. पण मूळ अडचण कायम राहिली. गोऱ्या छात्रांना एकेका टप्प्यासाठी वेगवेगळे तळ उपलब्ध होते, तर इथे प्राथमिकनंतरचे सर्व टप्पे एकाच तळावर कोंबावे लागत. याच वर्णभेदी धोरणांच्या निषेधार्थ युद्धमंत्र्यांचे सल्लागार विल्यम हेस्टी यांनी १९४३ च्या जानेवारीत राजीनामा दिला. टस्कीगीचे गुणगान करताना हेस्टींचे नाव बहुधा गाळले जाते, हे मला खटकते. युद्ध संपून १९४६ मध्ये प्रशिक्षण थांबले, तोवर सुमारे एक हजार वैमानिक तयार झाले होते. लष्करातील वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जुलै १९४८ मध्ये काढला.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मोटन फील्ड हा आज टस्कीगीचा नगर विमानतळ आहे. त्याच्या ऐतिहासिक भागाला १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. माँटगोमेरीला नोकरीनिमित्त असताना मी तो पाहिला. पहिला हँगर मूळचा आहे. दुसरा १९८९ मध्ये आगीत नष्ट झाला होता, तो नव्याने बांधून तिथे संग्रहालय केले आहे. पडून गेलेल्या काही इमारतींच्या जागी केवळ लोखंडी चौकटी उभ्या केल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या आकाराचा अंदाज येतो. लष्करी तळाची जमीन मात्र खासगी मालकीची झाली आहे. आपण तिकडे जाणार असाल, तर मोटन फील्ड गाठावे.